ट्राउटसाठी जुन्या वेट फ्लाय: भरवशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा रत्नागिरीकडचा, आता बरीच वर्षं लीड्समध्ये. लहानपणी आजोबांबरोबर खाडीवर कोलंबी लावून गरवायला जायचो. इथे वॉर्फ नदीवर पिसं बांधलेला गळ टाकून ट्राउट धरतो. गणपतीत भेटणारी मराठी मंडळी, सुट्टीत येणारे पाहुणे आणि अलीकडे हिमाचलला जाऊन आलेले दोन-चार उत्साही तरुण यांचे प्रश्न ठरलेले असतात. "माशीने मासा?" इथून सुरुवात होते आणि "तुम्ही दर वेळी त्याच तीन माश्या का लावता?" इथे गाडी थांबते. पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत होतं. दुसऱ्यासाठी हे पान लिहावं लागलं.

वेट फ्लाय म्हणजे नेमकं काय? खरी माशी असते का?

खरी माशी नसते. नखाएवढा गळ, त्याच्या दांडीवर रेशमी धाग्याचा एक थर आणि डोळ्यापाशी (धागा ओवायच्या भोकापाशी) एखाद्या पक्ष्याच्या पिसाचे दोन वेढे, एवढाच ऐवज. काहींना पंखासारखी पिसाची पट्टीही बांधतात. माशी म्हणजे इथे घरात घोंघावणारी माशी समजू नका. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस हे किडे नदीच्या तळाशी अळीच्या रूपात वाढतात, पाण्यावर किंवा काठावर येऊन कात टाकतात आणि उडून जातात. ट्राउटचं पोट बऱ्याच अंशी यांच्यावर चालतं. तरंगणाऱ्या नकलेला ड्राय फ्लाय म्हणतात, बुडून पाण्याच्या पोटातून वाहणारीला वेट फ्लाय.

पंख नसलेल्या, नुसत्या मऊ पिसाच्या माशीला यॉर्कशर आणि स्कॉटलंडकडे स्पायडर म्हणतात. कोळ्याशी तिचा काही संबंध नाही. पिसाचे तंतू पायांसारखे पसरलेले दिसतात, म्हणून ते नाव.

एवढीशी हलकी वस्तू लांब फेकता तरी कशी?

खाडीवर आपण शिशाचं वजन फेकतो आणि त्याच्यामागून दोरी जाते. इथे उलटं. दोरी जाड आणि वजनदार असते, ती हवेत मागे-पुढे उलगडायची आणि माशी तिच्या शेपटाला लटकत जाते. दोरी आणि माशी यांच्यामध्ये बारीक, पारदर्शक लीडर असतो. वेट फ्लायसाठी मी दहा फुटी मऊ रॉड वापरतो. कडक रॉडने या माश्या फेकता येतात, पण मासा ओढतो त्या क्षणी बारीक धागा तुटतो.

फ्लायवर "भरवसा" असा शब्द का वापरतात? चांगली किंवा वाईट म्हणून का सोडून देत नाहीत?

कारण पाण्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. ड्राय फ्लाय डोळ्यांसमोर तरंगते. मासा वर आला, बघितलं, परत गेला, हे सगळं दिसतं. वेट फ्लाय पाण्यात शिरली की हातात उरते फक्त दोरी. वीस मिनिटं काही झालं नाही तर मनात तीन शंका येतात: इथे मासेच नाहीत, मासे आहेत पण माझी फेक चुकतेय, किंवा माशी चुकीची आहे. पहिल्या दोन गोष्टींवर लगेच इलाज नसतो. तिसऱ्यावर असतो, म्हणून माणूस डबा उघडतो. दहा मिनिटांनी पुन्हा उघडतो. संध्याकाळी हिशोब केला तर माश्या पाण्यात कमी आणि बोटांत जास्त वेळ होत्या असं निघतं.

भरवसा असलेला माणूस तेवढ्या वेळात गळ पाण्यात ठेवतो. फेक नीट करतो, दोरीवरून नजर हलवत नाही, पुढच्या खडकामागे मासा असणारच असं समजून जपून पाऊल टाकतो. एवढ्या सगळ्याचं फळ मासा म्हणून हातात येतं आणि श्रेय माशी घेऊन जाते.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त मासे पार्ट्रिज अँड ऑरेंज या नारिंगी स्पायडरच्या नावावर आहेत. पण तीच माशी सगळ्यात जास्त तास पाण्यात होती, हेही वही उघडली की दिसतं. तिच्यावर भरवसा होता म्हणून ती लावली, लावली म्हणून मासे लागले, मासे लागले म्हणून भरवसा वाढला. याला पुरावा म्हणणं कठीण आहे. आजोबांचा एक गंजका गळ "लकी" होता, त्यातलंच हे गणित. त्या गळाला हात लावलेला त्यांना चालायचा नाही आणि भरतीच्या ऐन वेळी पाण्यात असायचा तोच.

म्हणजे सगळा मनाचा खेळच की!

निम्मा. दोन प्रसंग सांगतो, दोन्ही माझ्याच फजितीचे.

एका एप्रिलमध्ये वॉर्फवरच्या बर्नसॉल गावाच्या खालच्या अंगाला दुपारभर मासेमारी छान चालली होती. तीन ट्राउट एकाच माशीला. माशी काय सुंदर चाललीय म्हणून कौतुकाने हातात घेतली तर तिच्यावर पीसच नव्हतं. पहिल्याच माशाच्या दातांनी ते कधीतरी कापलं गेलं होतं आणि बाकीचे दोघे गळावरच्या नुसत्या नारिंगी धाग्याला लागले होते. पिसाच्या हालचालीवर मी आधी बरंच व्याख्यान दिलेलं होतं, तेही चहाच्या वेळी, चार माणसांसमोर.

दुसरा प्रसंग त्याच मोसमातला. तासभर धक्के येत होते. एक, दोन, पाच, पण मासा एकही टिकेना. मला माशीवर पूर्ण विश्वास, म्हणून मी तसाच रेटत राहिलो. शेवटी बघतो तर मागे फेकताना खडकावर आपटून गळाचं टोकच उडालं होतं. माशी खरोखर चांगली होती, मासे तिला तोंडात घेत होते आणि मी भरवशाच्या भरात ती एकदाही तपासली नव्हती.

तेव्हा भरवसा माशीवर ठेवा, गळाच्या टोकावर नको. दर पाच-सहा फेकींनंतर ते बोटाने बघा.

उरलेला निम्मा भाग कुठला? या जुन्या माश्यांत खरंच काही आहे का?

आहे, आणि तो बराचसा वापरलेल्या जिनसांत आहे.

पीस घ्या. ड्राय फ्लायसाठी कोंबड्याच्या मानेचं कडक, चमकदार पीस लागतं, कारण माशी तरंगायला हवी. स्पायडरला तित्तिर, पाणकोंबडी, पाणलावा किंवा स्टार्लिंग यांची मऊ पिसं. पाण्याची जराशी चाल बदलली की हे तंतू मिटतात, उघडतात, थरथरतात. तळातून वर येणारा, कात टाकायच्या घाईत असलेला किडा असाच धडपडत असतो. त्या अवस्थेत त्याला धड पोहता येत नाही, उडताही येत नाही. ट्राउटच्या दृष्टीने हे ताट वाढून ठेवलेलं. पंख, डोळे, शेपटीचे केस अशी हुबेहूब नक्कल केलेली ताठ माशी पेटीत देखणी दिसते, पण पाण्यात काडीसारखी वाहते.

मग रेशीम. सुक्या पार्ट्रिज अँड ऑरेंजचा रंग भडक नारिंगी, जवळजवळ झेंडूसारखा. नवखा माणूस बघून म्हणतो, असला किडा जगात नाही. ती जिभेवर ओली करा किंवा पाण्यात बुडवून धरा. रेशीम पाणी पितं, त्याच्याखालून गळाचं काळं पोलाद डोकावतं आणि झेंडूचा रंग उतरून काथ्यासारखा तांबूस तपकिरी होतो. मेण लावलेला धागा असेल तर आणखी गडद. माशाला दिसते ती ही ओली माशी. दुकानातल्या उजेडात रंग पाहून नाकारलेल्या कितीतरी माश्या अशाच वाया जातात. पॉलिएस्टरच्या धाग्यात हा बदल जवळजवळ होत नाही. म्हणून जुन्या कृतीत "रेशीम" लिहिलं असेल तर रेशीमच घ्यावं, या बाबतीत मी हट्टी आहे.

तिसरी गोष्ट बारीकपणा. चांगल्या स्पायडरचं अंग गळाच्या टोकाच्या थोडं अलीकडेच संपतं, पिसाचे वेढे दोनच. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त माश्यांवर चार-पाच वेढे असतात, कारण भरगच्च माशी विकली जाते. मी तशा माश्या आणल्या तर निम्मे तंतू नखाने उपटून टाकतो.

पिसाविना तीन मासे लागले, हे या सगळ्याच्या विरुद्ध नाही का जात?

जातं. त्या दुपारी पाण्यात किडे इतके होते की माशांनी कदाचित काहीही घेतलं असतं. किंवा नुसता ओला नारिंगी धागाही अळीसारखा दिसला असेल. माझ्या सिद्धांताला त्याने एक भोक पाडलं आहे आणि ते मी बुजवलेलं नाही.

जुन्या म्हणजे किती जुन्या?

पिसांनी मासे फसवण्याची कल्पना फार प्राचीन आहे. रोमन काळात एलियन (Aelian) नावाच्या लेखकाने मॅसिडोनियातले लोक गळावर लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून ठिपक्यांचे मासे धरतात असं नोंदवून ठेवलं आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या मजकुरात बारा माश्यांच्या कृती आहेत. आज आपण ज्यांना पारंपरिक म्हणतो त्या बहुतेक एकोणिसाव्या शतकात पक्क्या झाल्या. एडिनबराच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टचं पुस्तक १८५७ साली आलं आणि त्याचे तीन स्पायडर, काळा, तांबडा आणि करडा, प्रसिद्ध झाले. १८८५ साली लीड्सच्या टी. ई. प्रिटने यॉर्कशरच्या ६२ माश्या चित्रांसकट छापल्या. त्या त्याने शोधल्या नव्हत्या. खोऱ्याखोऱ्यांतले शेतकरी, विणकर, शिक्षक पिढ्यानपिढ्या बांधत होते, त्याने नोंद केली.

यॉर्कशरच्या माश्यांची नावं मला आपल्याकडच्या भाज्यांच्या नावांसारखी वाटतात. त्यात काय घातलंय तेच नाव. स्नाइप अँड पर्पल म्हणजे पाणलाव्याचं पीस आणि जांभळं रेशीम. पार्ट्रिज अँड ऑरेंज म्हणजे तित्तिर आणि नारिंगी. वॉटरहेन ब्लोआ ही पाणकोंबडीच्या पंखाखालच्या धुरकट पिसाची, आणि "ब्लोआ" हा त्या भागातला निळसर करड्या रंगाचा बोलीतला शब्द.

ग्रीनवेल्स ग्लोरी हे मात्र वेगळंच नाव आहे. त्यामागे काय आहे?

ही गोष्ट सांगायला मला कोणी विचारायचीही गरज नसते. मे १८५४. डरहॅमचे धर्मगुरू विल्यम ग्रीनवेल ट्वीड नदीवर मासे धरायला गेले होते. ट्राउट एका विशिष्ट किड्यावर तुटून पडत होते आणि त्यांच्या माश्यांकडे ढुंकूनही बघत नव्हते. त्यांनी ते किडे पकडले आणि स्प्राउस्टन गावातल्या जेम्स राइट या माश्या बांधणाऱ्याकडे नेले. राइटने ब्लॅकबर्डच्या पंखाचं पीस, मेणाने ऑलिव्ह झालेलं पिवळं रेशीम आणि काळ्या-तांबड्या पिसाचा वेढा यांची माशी बांधली. दुसऱ्या दिवशी मासे मिळाले आणि गावच्या बैठकीत माशीचं बारसं झालं.

हेच ग्रीनवेल पुढे पुराणवस्तू खणणारे म्हणून गाजले. नॉरफोकमधले ग्राइम्स ग्रेव्ह्ज हे खड्डे म्हणजे अश्मयुगीन गारगोटीच्या खाणी आहेत हे त्यांच्याच उत्खननातून कळलं. १९१८ साली वारले तेव्हा वय ९७. इतक्या कामातून जगाला लक्षात राहिली ती पाऊण इंचाची माशी.

मला या कथेतला राइट जास्त आवडतो. नाव गिऱ्हाइकाचं झालं, हात त्याचा होता.

एका दोरीला किती माश्या लावायच्या?

साधारण तीन. टोकाला एक, वर दोन-अडीच फुटांच्या अंतराने बोटभर लांब फाट्यांवर आणखी दोन. नवीन असाल तर दोनच लावा. तीन माश्यांचा गुंता वाऱ्यात सोडवणं म्हणजे मांजराने खेळलेली लोकर उलगडणं. काही पाण्यांवर माश्यांच्या संख्येवर बंधन असतं, परवाना घेताना विचारून घ्या.

माझी मार्च-एप्रिलची ठरलेली मांडणी: टोकाला पार्ट्रिज अँड ऑरेंज, मधे स्नाइप अँड पर्पल, वर वॉटरहेन ब्लोआ. मोसमाच्या सुरुवातीला इथे लार्ज डार्क ऑलिव्ह नावाची मेफ्लाय निघते आणि वॉटरहेन ब्लोआ तिच्या रंगाशी जुळते. आयर्न ब्लू ही दुसरी मेफ्लाय निघाली की स्नाइप अँड पर्पल. पार्ट्रिज अँड ऑरेंज कशाची नक्कल आहे यावर लोक अजून भांडतात. कोणी स्टोनफ्लाय म्हणतं, कोणी मेलेली मेफ्लाय. ट्राउटला यातलं काहीही मान्य असावं.

प्रवाहाच्या वर टाकायची की खाली?

स्टुअर्टचा आग्रह वरच्या दिशेला टाकण्याचा होता. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे तुम्ही त्याच्या मागून येता आणि तो बुजत नाही. गळ ओढलात की तो तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. शिवाय माशी पाण्याच्या वेगानेच, मोकळी वाहते. अडचण अशी की ती तुमच्याकडेच वाहत येते, दोरी सतत गोळा करावी लागते आणि मासा केव्हा लागला ते कळायला नजर तयार व्हावी लागते. दिवसभर असं केलं तर दंड भरून येतो.

सोपी पद्धत आडव्या फेकीची. पलीकडे, थोडं खाली टाकायचं आणि माश्या कमानीत फिरून आपल्या काठाला येऊ द्यायच्या. मासा स्वतःच गळाला लागतो, धक्का थेट हातात येतो. पण पुष्कळ नुसते चिमटे येतात, मासा टिकत नाही आणि छोटे मासेच जास्त लागतात. मी या दोन्हींच्या मधला मार्ग काढतो: जवळजवळ सरळ आडवं, थोडं वर, दोरी कमी, रॉड उंच, आणि माश्या समोरून जाईपर्यंत मोकळ्या. त्या खाली पोचल्या की रॉड हळूच वर उचलायचा. बुडालेली माशी पृष्ठभागाकडे चढते, तंतू हलतात आणि माझे बरेचसे चांगले मासे त्या दोन सेकंदांतच लागलेत. पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स लाइझनरिंगने हे उचलणं विसाव्या शतकात इतकं नेमकं बसवलं की अमेरिकेत त्याला त्याचंच नाव पडलं.

मासा लागला हे कसं ओळखायचं?

धक्क्याची वाट बघू नका. दोरी पाण्यात शिरते तो बिंदू बघा. तो थबकला, अर्धा इंच बाजूला सरकला किंवा प्रवाहापेक्षा जरा जोरात निघाला, की रॉड उचला. कधी कधी पाण्याखाली पितळी झाक दिसते, कोणीतरी नाणं उलटं करावं तशी. तो कुशीवर वळलेला ट्राउट. ते दिसलं की विचार करू नका, विचार करेपर्यंत त्याने माशी थुंकून टाकलेली असते.

खाडीवर गरवताना दोरी तर्जनीवर धरायची आणि शेंगाळ्याची कुरतड बोटाला ओळखू यायची. माझा तोच हात इथे कामाला आला. मात्र शेंगाळा आमिष गिळतो, ट्राउट पिसं चाखून सोडतो. शेंगाळ्याला दिलेली सवलत इथे चालत नाही.

बराच वेळ काहीच लागलं नाही तर माशी बदलू का?

आधी जागा बदला. मग खोली: फेक प्रवाहाच्या आणखी थोडी वर करा म्हणजे माश्या बुडायला वेळ मिळेल. मग लीडर बारीक करा. त्यानंतर आकार, म्हणजे १४ नंबरऐवजी १६ (नंबर वाढला की गळ लहान). रंग सगळ्यात शेवटी. मी स्वतःला नियम घालून घेतलाय की तीन वेगवेगळ्या जागांवर नीट फिरवल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हा नियम मी वारंवार मोडतो.

ड्राय फ्लायवाले वेट फ्लायला नाक का मुरडतात?

याचं मूळ दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या नद्यांत आहे. टेस्ट, इचेन या नद्या काचेसारख्या स्वच्छ आणि संथ, मासा डोळ्यांना दिसतो. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ पासून पुस्तकं लिहून असा दंडक घातला की मासा वर किडे खाताना दिसावा आणि त्याच्यापुढे हुबेहूब तरंगती माशी ठेवावी, तोच सभ्य मार्ग. त्याच्या अनुयायांनी त्याचं सोवळं केलं. वेट फ्लाय म्हणजे ओवळ्यात.

मग आला जी. ई. एम. स्क्यूज, पेशाने वकील. इचेनवर त्याची एक ड्राय फ्लाय नीट तरंगेना, बुडाली, आणि तरंगती माशी नाकारणाऱ्या ट्राउटने ती बुडालेली घेतली. त्याने त्यावर वर्षानुवर्षं काम करून १९१० साली पुस्तक काढलं. वाद इतका पेटला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. उत्तरेत मात्र कोणाला या भांडणाचं फारसं पडलेलं नव्हतं. इथल्या नद्या खळाळत्या, खडकाळ, चहाच्या रंगाच्या. मासा दिसतच नाही, तर कोणापुढे काय ठेवणार?

मण्यांच्या निम्फ (तळातल्या अळीच्या जड नकला) आल्यावर या माश्या कालबाह्य झाल्या नाहीत?

काही दिवशी खरोखर झालेल्या असतात. थंड पाण्यात मासे तळाला चिकटून असतात तेव्हा टंगस्टनच्या मण्याची जड निम्फ स्पायडरला सहज मागे टाकते. चढलेल्या गढूळ पाण्यातही. जो म्हणतो स्पायडर सदासर्वकाळ चालते, त्याने तो दिवस काठावर बसून घालवलेला असतो.

स्पायडरची खरी वेळ म्हणजे किडे निघण्याच्या आधीचा अर्धा तास आणि निघत असतानाचा तास. मासे पाण्याच्या वरच्या फूटभर थरात असतात. जड निम्फ त्यांच्या पोटाखालून जाते, ड्राय फ्लाय डोक्यावरून. अशा वेळी माझा भरवसा भोळा नसतो, त्याला कारण असतं.

तळ्यात किंवा मोठ्या सरोवरातही चालतात का?

तिथे त्यांचं वेगळंच घराणं आहे. स्कॉटलंडमधली सरोवरं (त्यांना लॉक म्हणतात) आणि आयर्लंडची कॉरिब, मास्क यांसारखी सरोवरं. होडी वाऱ्यावर आडवी सोडायची, वाऱ्याच्या दिशेने छोट्या फेकी टाकायच्या आणि सगळ्यात वरची माशी लाटेच्या कडेवर नाचवायची. माश्याही भरजरी: किलिन गावच्या दुकानदाराच्या नावाची पीटर रॉस, मॅलर्ड अँड क्लॅरेट, बिबिओ, डंकेल्ड. यात पिसं चमचमतात, चंदेरी जर असते. मला या माश्या लग्नातल्या करवल्यांसारख्या वाटतात, पण वारा असेल तर त्या मासे आणतात यात वाद नाही.

डंकेल्डच्या गालावरचं ते मेणासारखं ठिपक्याचं पीस कसलं?

हा प्रश्न आपल्या घरचा आहे. ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस, तोच जो सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो. त्याच्या मानेच्या पिसांच्या टोकाला पिवळसर पांढरा, खरोखर लाखेसारखा कडक ठिपका असतो. विलायतेत त्याला "जंगल कॉक" म्हणतात आणि माशीला डोळा दाखवायला तो वापरतात. इंग्रजांच्या काळात आपल्या रानातून या पिसांची प्रचंड रवानगी झाली. भारतातून निर्यात केव्हाच बंद झाली, पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे. आज इथे विकली जातात ती बंदिस्त पाळलेल्या पक्ष्यांची.

म्हणून कोणी गावाहून येताना "दोन पिसं आणू का" म्हणालं तर मी हात जोडतो. आणू नका.

महाराष्ट्रात ट्राउट मिळेल का?

नाही. ट्राउटला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी विशीच्या पुढे तापू लागलं की तो खाणं सोडतो आणि पंचविशीच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. आपल्या नद्या उन्हाळ्यात कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे.

काश्मीरमध्ये १९००च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून ब्राउन ट्राउट वाढवले गेले. कुलूकडे १९०९च्या सुमारास. आज लिद्दर, तीर्थन, बारोटजवळची उहल अशा पाण्यांवर मत्स्य विभागाचा परवाना घेऊन मासे धरता येतात. हिमाचलमध्ये नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. निलगिरीतही गोऱ्या साहेबांनी ट्राउट सोडले होते. हिमालयातल्या बर्फाच्या पाण्याला वेग जास्त, म्हणून स्पायडर थोडी मोठी, १२ नंबरची घ्या आणि मोठ्या दगडांमागच्या संथ खिशांत टाका.

पहिल्यांदा बांधायला कुठली माशी घेऊ?

पार्ट्रिज अँड ऑरेंज. गळ १४ नंबर. नारिंगी रेशीम मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढा. डोळ्यामागे सुरुवात करून दांडीवर एकाशेजारी एक वेढे घेत मागे जा, गळाच्या टोकाच्या वरपर्यंत पोचायच्या आधी थांबा आणि तसेच परत या. तित्तिराच्या पाठीवरचं तपकिरी ठिपक्यांचं पीस घ्या, खालचा मऊ कापूस काढून टाका, टोकाकडून बांधा आणि दोन वेढे द्या. दोनच. तंतू मागे झुकवा, पुढे धाग्याच्या चार वेढ्यांनी डोकं करा, गाठ मारा.

पहिली माशी बहुतेक वेळा झाडूसारखी होते. माझी झाली होती. डोळाही धाग्याने बुजला होता आणि नदीवर टिपेट, म्हणजे लीडरचं बारीक टोक, आत जाईना. तित्तिराचं पीस मिळत नसेल तर गावठी कोंबडीच्या पाठीवरचं ठिपकेदार मऊ पीस चालतं. मटणवाल्याकडून मागून आणलेल्या पिसांवर मी एक अख्खा हिवाळा काढलाय. धुऊन वाळवून घ्या, नाहीतर घरातून बोलणी खावी लागतील.

इथे परवाना वगैरे लागतो का?

इंग्लंडमध्ये १३ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला सरकारी रॉड लायसन्स लागतं आणि शिवाय त्या पाण्याच्या मालकाचं किंवा क्लबचं तिकीट. यॉर्कशरच्या नद्यांत ब्राउन ट्राउटचा मोसम २५ मार्च ते ३० सप्टेंबर. वॉर्फवर बोल्टन ॲबीच्या वर स्ट्रिड नावाची अरुंद घळ आहे. दिसते उडी मारून ओलांडण्याएवढी, पण खाली पाणी खडक पोखरून खोल गेलंय आणि तिथे माणसं बुडाली आहेत. तिच्या काठावर माशी टाकायला जाऊ नका, मासा कितीही मोठा दिसला तरी.

वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या डब्यात जुन्या माश्या सापडल्या. वापरू का?

आधी गळ बघा. अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच ओढा: अडकलं तर धार आहे, घसरलं तर दगडावर दोनदा घासा. मग गळ चिमट्यात धरून थोडा वाकवा. गंजलेला गळ तिथेच मोडतो आणि तो घरी मोडलेला बरा. रेशीम नखाने खरवडा, भुसा निघाला तर ते कुजलंय. पिसांत कसर लागली असेल तर डबा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, पण आधी घरात सांगून. आमच्याकडे तो डबा मटारांच्या पिशवीशेजारी सापडला होता.

एवढ्या परीक्षेतून दोन-चार माश्या पास होतीलच. त्यातली एक टोकाला लावा, बाकीच्या तुमच्या.

शेवटी ट्राउट खायचा की सोडायचा?

बऱ्याच जागी सोडायचा असा नियमच असतो, म्हणून टोकामागचा उलटा काटा नसलेले गळ. जिथे ठेवायची मुभा आहे तिथे मी वर्षातून एखादा ठेवतो. बायको त्याला आगळ, हळद, तिखट लावून रव्यात तळते. चव बांगड्याला येत नाही.

तिच्यासमोर मी तसं म्हणत नाही.